दुसरी गोळी

हिवरखेडला बारी लोकांचे पानमळे पुष्कळ, त्यांत देवीदासचा मळा जुना. भोवती शेवरीची दाट भिंत, आत वेलींच्या ओळी, आणि चैत्रातसुद्धा ओल्या मातीचा गारवा. मळ्यात शिरताना वहाणा बाहेर काढायच्या, हा तिथला नेम. देवीदास तो कधी मोडत नसे. अफूच्या तारेत पाय लटपटत असले तरी तो वाकून वहाणा काढी, जोडीनं नीट ठेवी, आत जाई आणि पहिल्याच ओळीत सावली पाहून आडवा होई.

सहा वर्षं असंच चाललं होतं. सकाळी एक गोळी, दिवस कलला की एक. आधी मुगाएवढी, मग वाटाण्याएवढी, आता बोराच्या बीएवढी. अकोटला नागपूर सरकारच्या परवान्याचं अफूचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी बंडीतून पानांचे डाले उतरवायच्या आधी देवीदास तिकडे जाऊन येई. गावात त्याला कोणी वाईट म्हणत नव्हतं. अफू खाणारा दारुड्यासारखा बोंबलत नाही, कोणाच्या अंगावर धावून जात नाही. तो असून नसल्यासारखा होतो, एवढंच.

हे सुरू कसं झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारत नसे. त्याला आणि त्याच्या बायकोला, वच्छलेला, पहिली मुलगी झाली होती. शकुन तिचं नाव. आठ महिन्यांची होती. कामावर जाणाऱ्या बायका तेव्हा लेकरांना मोहरीएवढी अफूची गोळी चाटवीत. लेकरू दुपारपर्यंत निजे आणि बाईला मळ्यातलं काम उरकता येई. घरोघरी चालायचं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. वच्छलाही द्यायची. आषाढातल्या एका दिवशी शकुनच्या अंगात कणकण होती. त्या दिवशी ती निजली ती उठलीच नाही.

घरात माणसं जमली. शेजारची तानुबाई लेकराला न्हाऊ घालत होती. कोणीतरी विचारलं, "झालं तरी काय?" आणि देवीदासच्या तोंडून निघून गेलं, "इनं दोनदा देली."

वच्छलेनं मान खाली घातली. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते वाक्य पुन्हा कोणी उच्चारलं नाही, आणि मागेही घेतलं नाही. अफूची डबी भिंतीतल्या देवळीत तशीच पडून होती. पंधराएक दिवसांनी एका दुपारी देवीदासनं तिच्यातलीच गोळी स्वतःच्या तोंडात टाकली, जरा डोळा लागावा म्हणून. लागला.

पुढं सहा वर्षं घर रिकामं राहिलं. आणि बत्तीस साली उन्हाळ्याच्या तोंडाशी वच्छलेला दिवस गेले. पाचवा महिना लागला त्याच सुमारास देवीदास मळ्यात पाणी सोडून झोपला तो दुपार टळेपर्यंत उठला नाही. दोन ओळींत गुडघाभर पाणी साचलं. आठ दिवसांत त्या वेली मुळाशी कुजल्या.

वच्छला त्या दिवशी मळ्यात आली. कुजलेल्या वेलींकडे तिनं पाहिलंही नाही. नवऱ्यासमोर ती खाली मातीत बसली.

"आवो, मी काय सांगून राहिली ते शुद्धीत आइका."

"आइकतो."

"या घरात अफीम रायली तं मी इथी बाळंत होनार नाई. धामनगावले बाबाकडे जाईन. अन् लेकरू घेऊन वापस येनार नाई."

ती मोठ्यानं बोलली नव्हती. रागानंही नव्हती बोलली. आठवडी बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगून ती उठून गेली. देवीदास बराच वेळ तिथंच बसून राहिला. हिनं आजवर कधी काही मागितलं होतं का, ते त्याला आठवेना.

तो अकोल्याला गेला. जुन्या शहरात हकीम गयासुद्दीन म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. अफू सोडवण्यासाठी त्यांच्याकडे लांबून लांबून लोक येत. त्यांनी देवीदासची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पापण्या वर करून डोळे पाहिले.

"एकदम सोडाल तर मराल असं वाटेल," ते म्हणाले. "मरणार नाही, पण वाटेल. म्हणून दर हप्त्याला गोळी थोडी छोटी करायची. आणि जेवणानंतर ही पुडी. यात खुरासानी ओवा आहे. तोंड सुकेल, थोडी गुंगी येईल, पण अंग मोडून येणार नाही. दोन महिने लागतील. सब्र पाहिजे."

देवीदासचा सब्र अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी सकाळपासून जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि भर उन्हात अंगावर काटा. पोटऱ्यांत असं काहीतरी वळवळू लागलं की पाय कापून टाकावे वाटलं. दुपारी त्यानं दोन गोळ्या एकदम घेतल्या. त्याला निजलेला पाहून वच्छलेनं धामणगावला बापाला न्यायला या म्हणून कार्ड टाकलं.

ते कळलं तशी देवीदासची थोरली बहीण बंडी जुंपून आली. तिचं नाव मनकर्णाबाई. डोंगराच्या पायथ्याच्या गावात तिला दिली होती. विधवा होती, पण चार गडी कामाला लावणारी बाई. आल्या आल्या तिनं भावाच्या कमरेची अफूची चंची काढून घेतली.

"हकिमाच्या पुडीनं काय होते?" ती म्हणाली. "मायासंगं चाल. वरच्या ढान्यावर भूमका हाये. आमच्या गावचे दोघं सुटले त्याच्या हातानं."

ढाना म्हणजे कोरकू लोकांची वाडी, आणि भूमका त्यांचा पुजारी. भूमक्याचा निरोप होता की माणूस तीन दिवस अफूवाचून कोरडा पाहिजे. ते तीन दिवस देवीदासनं बहिणीच्या घरी काढले. ते कसे काढले हे त्यानं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही. मनकर्णाबाई त्याच्या पायांवर बसून असे, एवढं मात्र तिनं लोकांना सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी तिनं त्याला बंडीत घातलं.

भूमका अंगणात बसून झाडाच्या सालीचा दोर वळत होता. लहान चणीचा, म्हातारा माणूस. त्यानं मान वर केली नाही. दोर पुरा होईपर्यंत दोघांना तसंच बसवून ठेवलं. मग दोर खुंटीला अडकवला, हात झटकले आणि देवीदासकडे पाहिलं.

"किते साल?"

"सहा."

"काहे से लगा?"

मनकर्णाबाई म्हणाली, "पोरगी गेली त्याची."

वाडीबाहेर ऐनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. भूमक्यानं तिथं सूप ठेवलं, सुपात ज्वारीचे दाणे टाकले, दोन-दोन दाणे बाजूला सारत तो आपल्या भाषेत काही पुटपुटत राहिला. दगडावर मोहाच्या दारूची धार धरली. मग पळसाच्या द्रोणात हिरवट काळं पाणी आणून त्यानं देवीदासच्या हातात दिलं.

"पी. चिल्लाना हो तो चिल्ला. भागेगा तो बांध देंगे."

पाणी कडू होतं आणि त्याला कच्च्या भाजीसारखा उग्र वास येत होता. देवीदासनं डोळे मिटून ते घशाखाली घातलं. उन्हं अजून कोवळी होती.

पहिल्यांदा तोंड सुकलं. जीभ टाळूला चिकटली, पाणी मागावं तर शब्द फुटेना. मग ऐनाचं झाड जवळ आलं. मग समोरच्या टेकडीवरून पानवेलींच्या ओळी चालत येताना दिसल्या, एकामागं एक, बायका पाण्याला जातात तशा. त्यांतल्या मोकळ्या लोंबणाऱ्या वेली देवीदास भराभर बांधायला लागला. मनकर्णाबाईला दिसलं ते एवढंच, की भाऊ रिकाम्या हवेत गाठी मारतो आहे. त्याचा मेलेला बाप शेजारी येऊन बसला आणि गाठी ढिल्या पडताहेत म्हणून खेकसला. देवीदासनं त्याला उत्तर दिलं. तोही पुन्हा बोलला.

मग हे सगळं थांबलं. देवीदास स्वतःच्या घरात होता. दुपार होती. बाहेर पाऊस नुकताच उघडला होता आणि वळचणीचं पाणी टपटपत होतं. झोळीत शकुन रडत होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. त्यानं देवळीत हात घातला. डबीच्या झाकणाला गंज होता, तो त्याच्या अंगठ्याला लागला. झाकण निघेना, म्हणून त्यानं ते दातानं उचकटलं. मोहरीएवढी गोळी काढली, का जराशी मोठी, आणि बोटावर घेऊन तिच्या तोंडात धरली. तिनं बोट चोखलं. तिचं तोंड तापलेलं होतं. "झोप माय, झोप," तो म्हणाला. ती झोपली. त्याला बरं वाटलं. त्याला त्या क्षणी किती बरं वाटलं, तेच त्याला सगळ्यांत स्पष्ट आठवलं.

तो पुरता भानावर आला तेव्हा तिसरा दिवस होता. अंग पिळून काढलेल्या फडक्यासारखं झालं होतं. पण पोटऱ्या शांत होत्या, नाक कोरडं होतं, आणि गोळी हवी असं शरीर म्हणत नव्हतं. मनकर्णाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती रडली.

"बाई," देवीदासनं विचारलं, "म्या काय बोललो?"

"लय बोलला. बाबाशी भांडला. गाठी मारल्या."

"अन् शकुनचं?"

"झोप माय, झोप, म्हने. कितीदा तरी म्हने. बापाले आठौन येतेच, त्यात काय."

निघण्याआधी त्यानं भूमक्याला गाठलं. भूमका बकरीचा खूर तासत होता. जे दिसलं ते देवीदासनं त्याला सांगितलं, तुकड्यातुकड्यांत, बहिणीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. मग विचारलं, "हे खरं होय का?"

"मेरे को क्या मालूम?" भूमका म्हणाला. "जडी हमने दिया. देखा तूने."

"पन देव दाखवते ना हे?"

म्हाताऱ्यानं खूर सोडला, बकरी उडी मारून पळाली. "कोई को देव दिखाता. कोई को उसका पेट दिखाता. तेरे को अफीम छोडना था. छूट गया. अब जा."

देवीदास घरी आला. वच्छलेनं त्याला दारात उभा पाहिला, डोळ्यांत पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या दिला. बापाला तिनं दुसरं कार्ड टाकलं, सातवा लागल्यावर या म्हणून. घरातली डबी तिनं विहिरीत टाकली. तो मळ्यात जाऊ लागला, कुजलेल्या वेली उपसून नव्या लावल्या. गावातले लोक थांबून त्याला पाहत. हात थरथरत, झोप येत नसे, पण गोळीचं नाव त्यानं काढलं नाही. लोक त्याचं कौतुक करू लागले, आणि त्याचं डोकं पार गढूळ होऊन गेलं.

कारण सहा वर्षं त्याला पक्कं माहीत होतं की त्या दिवशी तो अकोटच्या बाजारात होता, दिवेलागणीला परत आला, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आता तो आठवायला बसे तेव्हा बाजारच आठवेना. कोणाला पानं घातली, बंडीला कोणते बैल होते, वाटेत पाऊस लागला का, काहीच नाही. उलट झाकणाचा गंज मात्र आठवे. दातावर लागलेली त्याची चव आठवे. जे घडलं त्याचा पत्ता नाही, आणि जे नशेत दिसलं ते हाताला लागेल इतकं खरं, असं कसं होईल?

तो तानुबाईकडे गेला. म्हातारी ओसरीवर वाती वळत होती.

"मावशी, शकुन गेली त्या दिवशी मी दुपारी घरी व्हतो का?"

"व्हते ना," तानुबाई म्हणाली. "दारात वहाना व्हत्या तुमच्या. मले बराबर याद हाये." मग तिची बोटं थांबली. "का ते तुमचे बाबा गेले तवाचं होय? तवा बी पाऊसच व्हता. आता बापा, वहाना व्हत्या हे खरं. कोनाच्या व्हत्या, सांगता नाई येत."

देवीदास अकोल्याला हकिमांकडे गेला. पुडीनं नाही, भूमक्याच्या पाण्यानं अफू सुटली, हे सांगताना त्याला ओशाळल्यासारखं झालं. पण हकीम रागावले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. त्यांनी त्याला उजेडाकडे तोंड करून बसवलं, त्या पाण्याचा वास, चव, तोंडाचं सुकणं, सगळं खोदून विचारलं.

"धोतरा," ते म्हणाले. "थोडा जास्त झाला असता तर तुमच्या बहिणीनं तुम्हाला बंडीत झाकून आणलं असतं. माझ्या पुडीतल्या ओव्याचा हा मोठा भाऊ. मीही देतो, पण मोजून देतो."

"हकीमसाहेब, त्याच्यात दिसते ते खरं असते का?"

"माझ्याकडे एक माणूस आला होता. त्याला माझ्या अंगणात घोडे दिसले, सतरा घोडे. त्यांना पाणी पाजा म्हणून माझ्या पाया पडला. अंगणात घोडे नव्हते."

"म्हंजे खोटं."

हकिमांनी चष्मा काढून पुसला. "तो माणूस लहानपणी घोड्यांच्या तबेल्यात कामाला होता, हे मला नंतर कळलं. आता सांगा, मी काय म्हणू? धोतरा खोटं बोलतो, हे मी शपथेवर सांगेन. पण तो फक्त खोटंच बोलतो, हे शपथेवर नाही सांगता येत." मग चष्मा घालून म्हणाले, "बायको गरोदर आहे ना? तिला काही सांगू नका. जे तुम्हालाच माहीत नाही ते तिला काय सांगाल?"

हे बोलणं देवीदासला पटलं. परतीच्या मोटारीत तो स्वतःला तेच समजावत राहिला. घरी पोचला तेव्हा वच्छला ओसरीवर पाय पसरून पानं निवडत होती. डागी पानं एकीकडं, साफ पानं एकीकडं. पोट आता चांगलंच दिसत होतं. तो तिच्यासमोर बसला, एक पान उचललं, आणि त्याला नको असताना सगळं बोलून गेला. भूमक्याचा धोतरा, झोळी, वळचणीचं पाणी, डबी, बोट. काही गाळलं नाही.

वच्छलेचे हात चालूच होते. तो थांबला तेव्हा तेही थांबले.

"डबी कुटी व्हती?"

"देवळीत."

"नाई," ती म्हणाली. "आदल्या दिशी उंदरानं पाडली व्हती डबी. म्हून म्या पदरात बांधली अन् मळ्यात घेऊन गेली. दिवसभर माया कमरेले टोचत व्हती."

देवीदास तिच्याकडे पाहत राहिला. "मंग तू कितीदा देली?"

"एकदा. सकायी. मोहरीएवढी."

"एकदाच?"

"एकदाच."

"मंग तेव्हा बोलली काहून नाई?"

आता तिनं वर पाहिलं. "मले कोनी इचारलं? तुमी सांगतलं, लोकाईनं आइकलं. घरात लेकरू पडलं व्हतं, मी काय वाद घालत बसू? अन् मंग वरीस गेलं, दोन गेले. तुमी गोयी खाऊन पडून रायले, अन् मी आठवत बसली. आठवता आठवता मलेच वाटाले लागलं का दोनदा देली असन. सपनात तं कितीदा देली म्या. तीनदा, चारदा." तिनं पदराचं टोक हातात धरलं, जणू तिथं गाठ चाचपत होती. "पन डबी पदरात व्हती. व्हतीच. नसती तं टोचली कशी असती?"

हे तिनं स्वतःलाच विचारलं असावं. देवीदासला वाटलं, ही आपल्याला वाचवायला खोटं बोलते. मग वाटलं, ही स्वतःला वाचवते. मग वाटलं, नाही, हेच खरं, आणि कोणीच दुसरी गोळी दिली नाही, पोरगी तापानं गेली. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या, आणि एक धरावी तर दुसरी निसटत होती.

"मंग मले दिसलं ते काय व्हतं?"

"मले काय मालूम? मी काय धोतरा पेली?" वच्छलेचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आइका. गोयी कोनी देली, देली का नाई देली, हे आता देवच जाने. पन तुमी त्या दिशी लोकाईत जे बोलले, ते काई धोतऱ्यात नाई बोलले. ते शुद्धीत बोलले. तेवढं तं खरं हाये ना?"

त्या सगळ्या गढूळ पाण्यात देवीदासला पाय टेकायला एवढा एकच दगड होता. ते वाक्य त्यानं म्हटलं होतं. तानुबाईनं ऐकलं होतं, निम्म्या आळीनं ऐकलं होतं. त्यानं पाहिलं काहीच नव्हतं, आणि तरी पाहिल्यासारखं म्हटलं होतं.

सातव्या महिन्यात वच्छलेची ओटी भरली. मनकर्णाबाईनं पुढाकार घेतला, आळीतल्या बाया बोलावल्या. घरात हिरवी लुगडी, नारळ, खारका, हसणंखिदळणं. देवीदासनं मळ्यात जाऊन बसावं असं ठरलं होतं. तो गेलाही. वहाणा काढल्या, आणि पुन्हा पायात घालून परत फिरला.

दारातून पुरुष आत आलेला पाहून बायांनी पदर सावरले. कोणी हसलं. मनकर्णाबाई म्हणाली, "अरे, तुयं काय काम हाये इथी?"

देवीदास उंबऱ्याच्या आत उभा राहिला. बोलायचं त्यानं मनाशी बसवलं होतं, ते सगळं विसरला.

"शकुन गेली त्या दिशी," तो म्हणाला, "म्या म्हटलं व्हतं का इनं दोनदा देली. ते म्या पायलं नव्हतं. इनं दोनदा देली नाई. कोनी देली मले माहीत नाई. म्या बी देली असन. मले माहीत नाई. पन इचं नाव म्या उगाच घेतलं. खोटं घेतलं."

तानुबाईच्या हातातला नारळ तसाच राहिला. एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी पुटपुटली. मनकर्णाबाईनं भावाचा दंड धरला आणि ओढत बाहेर नेलं.

"याड लागलं का तुले?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "शुभ दिवस, अन् मेलेल्या पोरीचं नाव काढतं! म्या देली असन म्हनतं! आता लोक तुयं नाव घेतील."

"घेऊ दे."

"तुनंच देली का मंग?"

"माहीत नाई, बाई."

तिला हे उत्तर कळलं नाही. तिनं त्याचा दंड सोडला. मग आतून वच्छलेचा आवाज आला, अगदी साधा. "तानुबाई, नारळ द्या ना इकडे. बसल्या कायले?"

देवीदास भिंतीला टेकून उभा राहिला. तिनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ती सुखावली की दुखावली, हे त्या आवाजावरून समजेना.

दोन दिवसांनी वच्छलेचा बाप येऊन तिला घेऊन गेला. जाताना तिनं नवऱ्याला मळ्याच्या पाण्याबद्दल, दुभत्या गाईबद्दल, ज्वारीच्या कणगीबद्दल सांगितलं. परत येईन असं म्हणाली नाही, येणार नाही असंही नाही. दिवाळीनंतर कार्ड आलं. मुलगी झाली होती. दोघी खुशाल होत्या. कार्ड बापाच्या अक्षरात होतं, आणि शेवटी एक ओळ होती, तिसरा महिना लागला की घ्यायला या.

ती ओळ देवीदासनं अनेकदा वाचली. ती वच्छलेनं सांगून लिहिली की बापानं आपणहून, हे कळायला मार्ग नव्हता.

तो माघात धामणगावला गेला. मुलगी काळीसावळी, डोक्यावर भरपूर जावळ. शकुनसारखी दिसते का, हे पाहायचा त्याला धीर झाला नाही. वच्छला बोचकं बांधून तयार होती. सकाळच्या गाडीत तिघं बसली. बडनेऱ्यापर्यंत मुलगी निजली, आणि तिथून जी रडायला लागली ती थांबेना. वच्छलेनं पाजलं, खांद्यावर घेतलं, खिडकीतून गुरं दाखवली. शेजारची माणसं मागं वळून पाहू लागली.

"आना इकडे," देवीदास म्हणाला.

त्यानं मुलीला छातीशी धरलं आणि डब्यातल्या माणसांच्या पायांतून वाट काढत तो इकडून तिकडे फेऱ्या मारू लागला. ती रडत राहिली. मूर्तिजापूर आलं, गेलं. वच्छला खिडकीशी बसून त्याच्याकडे पाहत होती.

एका फेरीत तो तिच्यापाशी थांबला. "वच्छला," तो म्हणाला. आजवर त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "डबी खरंच पदरात व्हती?"

गाडीचा आवाज मोठा होता, मुलीचा त्याहून मोठा. वच्छलेचे ओठ हलले. काय म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही. तो वाकला, पण तोवर तिनं तोंड खिडकीकडे वळवलं होतं, आणि थोड्या वेळानं तिची मान कलली. बाळंतपणापासून ती पुरती झोपली नव्हती.

त्यानं तिला उठवलं नाही. मुलगी रडत होती. तिला दुसऱ्या खांद्यावर घेऊन तो पुन्हा चालू लागला. अकोला यायला अजून बराच वेळ होता.